एका दिवसाची वाइन

माझा मामेभाऊ लिमासोलला असतो, जहाजांच्या एका कंपनीत. लिमासोल हे सायप्रसचं मोठं बंदर. आणि सायप्रस हा भूमध्य समुद्रातला एक बेटदेश, आपल्या रायगड जिल्ह्याहून थोडासाच मोठा. गेल्या खेपेला दादा गणपतीला आला, तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती. विसर्जन होईपर्यंत ती कपाटातच राहिली. मग एका संध्याकाळी नागावला, माझ्या आजोळी, पडवीत ती उघडली गेली.

वाइनचं नाव कमांडारिया. रंग जुन्या गुळासारखा, चव मनुकांसारखी. आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, स्टीलच्या पेल्यात घोटभर घेतली, तोंडात घोळवली आणि विचारलं, "किती दिवसांची?"

दादा म्हणाला, "दिवसांची नाही आबा, दहा वर्षांची आहे."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "दहा वर्षं! आपली दहा तास टिकली तरी नशीब."

'आपली' म्हणजे माडी. आबांचे वडील माडावर चढून माडी काढायचे. मी राहते तळ्याला, डोंगराच्या कुशीत. इथं माड कमी, मोहाची झाडं जास्त. त्यामुळे माडी हा शब्द मी लहानपणापासून ऐकला तो फक्त आजोळच्या गप्पांमध्ये, तोही आवाज खाली करून. पण आबांचं ते वाक्य डोक्यात राहिलं. दहा वर्षं आणि दहा तास. नंतर जे जे वाचत गेले, त्यात मला हाच फरक दिसत राहिला. जी दारू टिकते तिला इतिहास मिळतो. जी टिकत नाही, तिच्या वाट्याला काय येतं?

आधी टिकणारीबद्दल. कमांडारियाची द्राक्षं वेलीवरून उतरवली की लगेच चिरडत नाहीत. आठवडाभर किंवा जास्त उन्हात पसरून ठेवतात. पाणी उडून जातं, साखर दाटते. मग आंबवतात आणि निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवतात. साखर आणि अल्कोहोल दोन्ही भरपूर असल्यामुळे ती सहसा नासत नाही. नाव पडलं मध्ययुगात. तिथं धर्मयोद्ध्यांच्या एका संघाची 'कमांडरी', म्हणजे जहागिरीसारखं ठाणं, होतं. त्या मुलखातली वाइन म्हणून कमांडारिया. आजही त्याच नावानं बनत असलेली जगातली सगळ्यात जुनी वाइन असं तिला म्हणतात. चौदा गावं ठरलेली आहेत. त्यांच्याबाहेर पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला ते नाव लावता येत नाही.

आता माडी. नारळाच्या माडाला पोय येते. ती उमलायच्या आत तिला दोरीनं आवळून बांधतात, हलक्या हातानं ठोकतात आणि टोक कोयत्यानं कापतात. खाली मडकं अडकवतात. रस थेंबथेंब गळतो. कापलेली जागा सुकते, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ वर चढून तिचा पातळ काप काढावा लागतो. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, तीच नीरा. मडक्याला आतून चुना लावला असेल तर ती काही तास गोड राहते. नसेल, तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. दुपारपर्यंत फेस येतो, संध्याकाळी ती बिअरइतकी चढते, दुसऱ्या दिवशी आंबट होते आणि त्यानंतर उरतो तो शिरका. द्राक्षाची वाइन वर्षातून एकदा होते. माडी रोज होते आणि रोज मरते.

म्हणजे तंत्र म्हणून बघितलं, तर दोन्ही एकच गोष्ट आहे. झाडाची साखर यीस्टनं खायची आणि आपण प्यायची. इंग्रजीत माडीला 'पाम वाइन' म्हणतातही. आपण मात्र तिला वाइन म्हणत नाही. नाशिकच्या द्राक्षांच्या दारूला म्हणतो.

माझ्या घरापासून मांदाडच्या रस्त्यानं गेलं की कुडे लेणी लागतात. तळा तालुक्यात कुणी पाहुणा आला की आम्ही त्याला तिथं नेतो, कारण दुसरीकडे न्यायचं ठिकाण म्हणजे तळगड आणि तिथं चढावं लागतं. लेण्यांसमोर राजपुरीची खाडी पसरलेली दिसते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथं मांदव घराण्याचे महाभोज राज्य करत होते आणि लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजाचा लेखक आहे, वैद्य आहे, माळी आहे, तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीसुद्धा आहे. भिक्षूंच्या निवाऱ्यासाठी एवढे लोक पैसे देत होते, तर खाडीत व्यापार चांगलाच चालत असणार.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रमार्गाचं पुस्तक लिहिलं. त्यात कल्याणच्या खाली कोकणातली बंदरं क्रमानं येतात. सेमिल्ला, म्हणजे आपलं चौल. त्यानंतर मंदगोरा. काही अभ्यासक म्हणतात मंदगोरा म्हणजे मांदाड, काही म्हणतात बाणकोट. मी मांदाडच्या बाजूची आहे, हे उघड आहे, त्यामुळे माझं मत धरू नका.

याच पुस्तकात भडोच बंदरात काय उतरायचं याची यादी आहे आणि यादीत वाइन आहे. इटलीची वाइन लोकांना जास्त आवडते, शिवाय लाओदिकियाची आणि अरबस्तानची येते, असं तो लिहितो. राजासाठी वेगळी उंची वाइन. यातलं लाओदिकिया म्हणजे सीरियाच्या किनाऱ्यावरचं आजचं लताकिया. तिथून समुद्रात पश्चिमेला गेलं की पहिली जमीन लागते ती सायप्रसची. म्हणजे दादानं बॅगेतून जे आणलं, त्याच्या शेजारची वाइन दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर उतरत होती.

हे आपल्याला कळतं कसं? ती टिकायची म्हणून. अँफोरा नावाच्या दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभात, आतून राळेचा लेप देऊन, तोंड बंद करून ती जहाजात चढवायचे. वाइन पिऊन संपली तरी कुंभाची खापरं उरली. घारापुरीच्या किनाऱ्यावर ती सापडली, नेवाशाला सापडली, कोल्हापूरला सापडली. पूर्वी उत्खननात असं जाड खापर मिळालं की 'रोमन अँफोरा' म्हणून नोंद व्हायची. 2007 साली रोबर्टा टॉम्बर या संशोधिकेनं दाखवून दिलं की त्यातली बरीच खापरं रोमन नाहीतच. ती मेसोपोटेमियाच्या, म्हणजे इराकच्या बाजूच्या, डांबराचा लेप दिलेल्या लांबट कुंभांची आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. खापराच्या आतला लेप राळेचा की डांबराचा, एवढ्यावरून कुंभ कुठल्या समुद्रातून आला ते ठरतं.

आणि माडी? माड तर तेव्हाही होतेच. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं एका गावातली बत्तीस हजार नारळाची झाडं दान दिल्याचं त्यात कोरलेलं आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त रघूचे सैनिक कलिंगाच्या किनाऱ्यावर नारळाचं मद्य पितात. म्हणजे माड होते, माणसं होती, तहान होती. पण माडीचं मडकं साधं, गावच्या कुंभाराचं. ते फुटलं तर पाण्याच्या मडक्याच्या खापरात मिसळून गेलं. उत्खननात ते समोर आलं तरी ते माडीचं होतं हे कुणाला कळणार? तिला बंदर लागलं नाही, कुंभ लागला नाही, यादीत नाव लागलं नाही. जिथं काढली त्या गावातच ती संध्याकाळी संपली.

(कुड्याच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना पंचशीलातलं पाचवं शील पाळायचं असे, मद्य वर्ज्य. समोरच्या खाडीतून काय काय जात होतं आणि वर बसून ते काय बघत होते, हे मला नेहमी डोळ्यासमोर येतं.)

माडीचं ठसठशीत वर्णन पाहायला एकदम 1563 सालात यावं लागतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा आणि मुंबई बेट त्याच्याकडं खंडानं होतं. त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या पुस्तकात नारळावर प्रकरण आहे. त्यात माडातून निघणारी 'सुरा' आणि ती गाळून केलेली 'उराक' दोन्ही येतात. दोन्ही शब्द गोव्यात आजही जिवंत आहेत, उराक आता काजूची. पोर्तुगीजांनी माडीचा आणखी एक उपयोग लोकप्रिय केला. पाव फुगवायला यीस्ट मिळेना, तेव्हा माडी घातली. तिच्यातलं यीस्ट आयतंच होतं. नासलेल्या माडीचा शिरका गोव्याच्या विंदालूत गेला. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या बायका अजूनही खऱ्या माडीच्या शिरक्याची आठवण काढतात.

इंग्रज आले आणि त्यांनी 'ताडी'चं 'टॉडी' केलं. थंडीत गरम पाणी, व्हिस्की आणि मध घालून परदेशात जी 'हॉट टॉडी' पितात, तिच्या नावात आपलं ताडाचं झाड आहे. नाव त्यांनी घेतलं. मग झाडाकडे वळले.

1878 साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. त्याआधीही माडांवर कर होताच, पण तो गावोगाव वेगळा आणि बऱ्याच ठिकाणी हलका होता. माडी काढायची, तिची थोडी गाळून दारू करायची आणि शेजारीपाजारी विकायची, हा भंडाऱ्यांचा वहिवाटीचा धंदा होता. नव्या कायद्यानं परवान्याशिवाय माडाला कोयता लावायला बंदी आली. ज्या झाडाची माडी काढायची त्या प्रत्येक झाडावर कर. घरी गाळणं बंद, दारू यायची ती सरकारमान्य मोठ्या भट्टीतूनच. आपल्या भागासाठी ही भट्टी उरणला होती, मोहाच्या दारूची. मालक बहुतेक पारशी. चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं ही व्यवस्था बसवली. त्यामागचा हिशेब अगदी सरळ होता. माडी स्वस्त राहिली तर भट्टीची दारू कोण घेणार? मग झाडावरचा कर एवढा वाढवायचा की माडी स्वस्त राहताच कामा नये.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. वाइनवर कर बसवायचा तर सरकार पिंप मोजतं, बंदरात थांबवतं, गोदामाला कुलूप लावतं. माडीचं पिंपच नाही. ती साठवत नाहीत, कुठं पाठवत नाहीत, दुपारपर्यंत पिऊन टाकतात. पकडणार काय? म्हणून सरकारनं जे पळू शकत नाही ते पकडलं, म्हणजे झाड. आबा सांगतात की त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत माडीच्या माडांवर नंबर घातलेले असायचे आणि शिपाई येऊन ते तपासायचा. आबा लहानपणी त्या आकड्यांवरून अंक शिकले.

मोहाच्या बाबतीत उलटं झालं. मोहाचं फूल वाळवून महिनोन् महिने ठेवता येतं. म्हणून 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला. (कुलाबा म्हणजे आपला रायगड; नाव बदललं ते 1981 साली.) मोहाची फुलं गोळा करणं आणि जवळ बाळगणं यावर बंधनं आली. आमचं तळं तेव्हा माणगाव तालुक्यात, म्हणजे थेट या कायद्याखाली. आमच्या आसपासच्या कातकरी वाड्यांत मोहाचं फूल म्हणजे नुसती दारू नव्हे, टंचाईच्या दिवसांतलं खाणंही होतं. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचून टोपलीत भरणं हा एका दिवसात संशयाचा प्रकार झाला. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातबद्दल आणि इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी ठाणे जिल्ह्याबद्दल जे लिहिलं आहे, त्यात हीच गोष्ट तपशिलानं येते: रीत होती ती गुन्हा कशी झाली.

आता 1878 कडे पुन्हा यायचंय, कारण त्याच वर्षी सायप्रसही या गोष्टीत येतो. तुर्कस्तान आणि रशियाच्या भांडणात ब्रिटननं उडी मारायची तयारी चालवली होती. धाक दाखवायला म्हणून सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजानं माल्टाला नेले. त्यात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या आणि त्या लष्करात तेव्हा कोकणातली माणसं भरपूर असत. 4 जूनला तुर्की सुलतानाशी करार झाला, सायप्रसचा कारभार ब्रिटनकडे आला आणि जुलैत माल्टाहून हिंदी फौज बेटावर उतरवली. लार्नाकाच्या धक्क्यावर, भर उन्हाळ्यात.

म्हणजे इकडे कुलाब्यात माडावर चढायला परवाना लागायला लागला त्याच वर्षी, कुलाबा-रत्नागिरीकडचे शिपाई द्राक्षांच्या बेटावर पहारा देत उभे असणार. त्यांनी तिथली वाइन चाखली का, त्यांना घरची माडी आठवली का, कुणी लिहून ठेवलेलं नाही. शिपायांच्या तोंडची चव कोण नोंदवतो?

सायप्रसच्या शेतकऱ्याचं तरी बरं चाललं होतं असं समजू नका. पुढच्याच वर्षी सॅम्युएल बेकर हा इंग्रज प्रवासी बेटभर फिरला आणि त्यानं आपल्या पुस्तकात वाइनवरच्या करांनी तिथल्या शेतकऱ्याला कसं पिळलं होतं हे तावातावानं लिहिलं. पण तिथली वाइन पिंपात थांबू शकत होती. चांगले दिवस येईपर्यंत वाट बघू शकत होती. आमच्या पणजोबांच्या मडक्यातली माडी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नव्हती. कराचे पैसे नसतील तर त्या दिवशी कोयता खाली, आणि माडावर फक्त नारळ.

पुढचं थोडक्यात सांगते. 1950 साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. नीरा चालेल, माडी नाही. तेच झाड, तेच मडकं, फक्त सूर्य डोक्यावर आला की गुन्हा. पणजोबांनी कोयता आढ्याला खोचून ठेवला आणि वाडीत नारळ-सुपारीच्या मजुरीला लागले. नियम नंतर सैल झाले, परवान्याची माडीची दुकानं पुन्हा उघडली, पण तोवर आबा शिक्षक झाले होते आणि त्यांना वर चढता येत नव्हतं. काही ठिकाणी ताडीच्या दुकानात क्लोरल हायड्रेट घातलेली भेसळ पकडल्याच्या बातम्या येतात, त्या वाचून आबा नुसते मान हलवतात. झाडातून न काढताच ताडी विकता येते, हे त्यांच्या वडिलांना कधी सुचलं नसतं.

इथं एक कबुली द्यायला हवी. दारूनं घरं मोडतात, हे तळ्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. आमच्या गल्लीतही ती घरं आहेत. गावातली दुकानं बंद करायला बायका उठतात, तेव्हा मी त्यांच्या बाजूची आहे. माडी म्हणजे अमृत होतं असं मला म्हणायचं नाही. पणजीचं मत वेगळं असणार आणि तिला कुणी विचारलं नाही.

पण मग 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं काही जण म्हणाले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असंही म्हणाले. विरोध झाला आणि निर्णय अडला. मी दोन्ही बाजू वाचत होते आणि माझ्या डोक्यात नागावचा माड होता. नारळ लावणाराही शेतकरीच ना? माडीत अल्कोहोल वाइनच्या निम्म्याहूनही कमी. गोव्यानं काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, पुढे तिला वारशाचा दर्जाही दिला. फेणी गाळलेली असते, बाटलीत वर्षानुवर्षं राहते, म्हणून तिच्यावर लेबल चिकटतं. माडीवर लेबल चिकटवेपर्यंत ती शिरका झालेली असते.

त्या संध्याकाळी पडवीत हे सगळं मला माहीत नव्हतं. मी आबांना एवढंच विचारलं, की त्यांनी वडिलांच्या हातची माडी चाखली होती का. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, चोरून, पहाटेची, गोड असताना. आणि त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्यावर टेकवून पोयीला दोरी कशी आवळायची ते करून दाखवलं. हात कापत होता, पण गाठ बरोबर पडत होती असं मामा म्हणाला. दादानं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. अंधार होता, त्यामुळे त्यात नुसता आवाज नीट आलाय.

कमांडारियाची बाटली अर्धी उरली. ती मी तळ्याला घेऊन आले. अजून आहे.